पाणवनस्पतींच्या पहिल्या टाकीसाठी दिवा कसा निवडावा

काचेच्या टाकीत पाणवनस्पती लावायच्या ठरल्या की बहुतेक जण मासे, माती आणि दगड यांचा बारकाईने विचार करतात. दिवा मात्र टाकीच्या झाकणाबरोबर जो येईल तोच वापरतात. माझ्या पहिल्या टाकीच्या झाकणात निळा-जांभळा दिवा होता. त्यात मासे उठून दिसत, पण महिनाभरात वनस्पतींची खालची पाने गळू लागली आणि दोष पाण्यातच असेल असे मी धरून चाललो. म्हणून माझा आग्रह असा की, आधी वनस्पती ठरवाव्यात, मग टाकी मोजावी आणि दिवा सर्वांत शेवटी घ्यावा.

सुरुवातीला अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन आणि वॅलिस्नेरिया या कमी उजेडात तग धरणाऱ्या वनस्पती घ्याव्यात. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत निसर्गतःच वाढतात. जमिनीवर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या किंवा गडद लाल पानांच्या वनस्पतींना सहसा प्रखर उजेड लागतो आणि त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही घ्यावा लागतो. उजेड वाढला की वनस्पतीला त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड आणि खत हवे असते. ते मिळाले नाही तर वनस्पतीची वाढ अडते आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसले जाते. त्यामुळे सिलिंडर नसलेल्या टाकीसाठी दोन दिव्यांत निवड करायची वेळ आली तर मंद दिवा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर टाकीत पाणी किती मावते ते काढावे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि त्याला १००० ने भागावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत हा हिशेब सुमारे ५४ लिटर येतो, पण माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केल्यावर प्रत्यक्षात पाणी ४५ लिटरच्या आसपास असते. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. वर सांगितलेल्या वनस्पतींना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन उजेड पुरतो, म्हणजे या टाकीला ७०० ते ९०० ल्युमेनचा दिवा लागेल. टाकी दीड-दोन फूट खोल असेल तर तळापर्यंत उजेड कमी पोहोचतो, हे लक्षात घेऊन थोडा अधिक प्रखर दिवा घ्यावा.

आता दुकानात खोक्यावर काय वाचायचे ते पाहू. लिटरमागे अमुक वॅट हा जुना ठोकताळा फ्लुरोसंट नळ्यांच्या काळातला आहे आणि एलईडीला तो लागू पडत नाही, कारण एलईडी तेवढ्याच विजेत बराच जास्त उजेड देते. म्हणून ल्युमेनचा आकडा पाहावा आणि त्याच्याबरोबर केल्विनचा, म्हणजे उजेडाची रंगछटा सांगणारा आकडा. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड दिवसाच्या उजेडासारखा दिसतो. वनस्पती त्यात चांगल्या वाढतात आणि त्यांचा हिरवा रंगही खरा दिसतो. प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसाठी बनवलेले गडद निळे दिवे येथे घेऊ नयेत.

खास ॲक्वेरियमचा दिवा महाग वाटत असेल तर विजेच्या दुकानात मिळणारी दोन फुटी, १० वॅटची, ६५०० केल्विनची एलईडी बॅटनही चालते, कारण तिचा उजेड साधारण ९०० ते १००० ल्युमेन असतो. मात्र ती पाण्यापासून सुरक्षित नसते, म्हणून टाकीवर काचेचे झाकण ठेवून बॅटन त्याच्या वर पक्की बसवावी. वायर प्लगकडे नेताना ती आधी प्लगच्या खाली झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता खाली पडते. टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा, पंप आणि हीटर या सर्वांचे प्लग काढावेत. यात कधीही सूट घेऊ नये.

दिव्याबरोबरच टायमर घ्यावा. पहिले काही आठवडे दिवा रोज ६ तासच लावावा आणि वनस्पती रुजल्यावर तो वेळ हळूहळू ८ तासांवर न्यावा. १० वॅटचा दिवा रोज ८ तास चालला तरी महिन्याला अडीच युनिटांपेक्षा कमी वीज लागते. वीज वारंवार जात असेल तर खुंट्यांचा यांत्रिक टायमर तेवढा वेळ मागे पडतो, म्हणून आतल्या बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर घेतलेला बरा. टाकी खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नये, कारण तो उजेड आपल्या हातात राहत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणीही तापते.

दिवा लावल्यावर खरी पारख वनस्पतींकडूनच होते. हायग्रोफिलासारख्या उभ्या वाढणाऱ्या वनस्पतीची एखादी फांदी नीट पाहावी: पानांच्या दोन जोड्यांमधले अंतर वाढत चालले असेल, देठ बारीक होत असेल आणि खालची पाने गळत असतील, तर उजेड कमी पडतो आहे. याउलट काच दर दोन-तीन दिवसांनी हिरवी होत असेल आणि पानांच्या कडांना केसांसारखे शेवाळ धरत असेल, तर वेळ एक तासाने कमी करावा किंवा दिवा चार बोटे वर उचलावा. नव्याने लावलेल्या क्रिप्टोकोरीनची पाने मात्र जागा बदलल्यामुळेच विरघळतात. मुळे शाबूत असतील तर नवी पाने फुटतात, तेव्हा तेवढ्यासाठी दिव्याला हात लावू नये. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे थांबावे. उजेड अचानक कमी भासला तर आधी झाकणाची काच पाहावी: बोअरवेलच्या जड पाण्याचा पांढरा थर तिच्यावर साचतो आणि तो व्हिनेगरने पुसून, काच साध्या पाण्याने धुतली की निघून जातो.