डेंटल चेअरच्या पाण्यातील जंतूंवर नियंत्रण कसे ठेवावे

एअरोटर (दात कोरण्याचे यंत्र), स्केलर (दातांवरचा थर काढण्याचे यंत्र) आणि थ्री-वे सिरिंज (तोंडात पाणी व हवा सोडणारे उपकरण) यांच्यापर्यंत पाणी नेणाऱ्या डेंटल चेअरच्या नळ्या अतिशय बारीक असतात. त्यांच्या कडेला पाणी जवळजवळ थांबलेलेच असते आणि दवाखाना बंद झाल्यावर ते रात्रभर तसेच साचून राहते. त्यामुळे नळीच्या आत जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, धरतो आणि चेअरच्या बाटलीत भरलेले आरओचे पाणीही रुग्णाच्या तोंडापर्यंत जाईतो दूषित होते. 2011 साली इटलीत 82 वर्षांच्या एका महिलेचा लिजिओनेला या पाण्यात वाढणाऱ्या जीवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियाने मृत्यू झाला, तेव्हा संसर्गाचा माग डेंटल युनिटच्या पाण्यापर्यंत लागला होता.

साध्या उपचारांसाठी दर मिलिलिटरमागे 500 सीएफयू (प्रयोगशाळेत वाढवून मोजलेल्या जीवाणूंच्या वसाहती) ही जीवाणूंची कमाल मर्यादा मानली जाते. ती पाळायची तर सुरुवात शॉक ट्रीटमेंटने करावी: उत्पादकाने सांगितलेले तीव्र जंतुनाशक सर्व नळ्यांत भरून ठरलेला वेळ ठेवावे आणि रुग्ण घेण्यापूर्वी पूर्णपणे धुऊन काढावे. त्यानंतरच पाण्यात टाकायच्या रोजच्या जंतुनाशक गोळ्या किंवा पाण्याच्या वाटेत बसवायचे जंतुनाशक काडतूस (कार्ट्रिज) वापरावे. अनेक ठिकाणी शॉक न देताच गोळ्या सुरू केल्या जातात. जुना थर तसाच असेल, तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. क्वचित वापरात असलेली स्केलरची नळी शॉकच्या वेळी हमखास विसरली जाते, तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. रात्री नळ्या कोरड्या ठेवायच्या की भरलेल्या, हे गोळ्यांच्या सूचनापत्रकानुसार ठरवावे, कारण काही उत्पादनांना नळीत पाणी राहणे आवश्यक असते.

प्रत्येक रुग्णानंतर 20 ते 30 सेकंद पाणी व हवा सोडावी. यामुळे हँडपीसमधून (एअरोटरसारख्या हातात धरायच्या उपकरणातून) मागे ओढली गेलेली लाळ व रक्त बाहेर पडते. बायोफिल्म मात्र जागची हलत नाही, म्हणून या सवयीवरच विसंबू नये. बाटली बदलताना आत बुडणाऱ्या नळीला बोटे लावू नयेत.

शस्त्रक्रियेत हे पाणी वापरूच नये. बाटलीत निर्जंतुक पाणी भरल्याने युनिटच्या नळ्या निर्जंतुक होत नाहीत. शस्त्रक्रियेसाठी निर्जंतुक सलाइन वेगळ्या निर्जंतुक सिरिंजने किंवा एकदाच वापरायच्या नळीतून द्यावे.

पाणी दिसायला स्वच्छ आहे, यावर भरवसा न ठेवता ते तपासून घ्यावे. नमुना निर्जंतुक डबीत घ्यावा. पाण्यात क्लोरीन असल्यास डबीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट असावे, अन्यथा वाटेतही जंतू मरत राहतात आणि अहवाल फसवा येतो. नमुना थंड ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. सलग दोन महिने अहवाल मर्यादेत आले, की पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी पुरते. मर्यादा ओलांडलेली आढळल्यास पुन्हा शॉक देऊन फेरतपासणी करावी आणि कोणत्या चेअरच्या कोणत्या नळीचा नमुना होता, हे तारखेसह नोंदवहीत लिहावे.