घराची तोडफोड काढताय? राडारोड्याच्या खर्चात या चुका टाळा

घराची दुरुस्ती ठरली की सगळे टाइल, नळ, रंग यांच्या दुकानांत फिरतात. निघणारा राडारोडा कुठे आणि कसा जाणार, हा प्रश्न तो जिन्यात येऊन पडल्यावरच सुचतो. मुंबईकर त्याला डेब्रिज म्हणतात, आम्ही पुण्यात राडारोडा. मी पुण्यात घरदुरुस्तीची कामं बघते. राडारोड्याचे पैसे टेम्पोपेक्षा उचलण्यात जास्त जातात, हे मला बऱ्याच कामांनंतर कळलं. खोलीतून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून जिन्याने खाली, खालून गेटपाशी, गेटवरून टेम्पोत. एकच गोणी चार वेळा उचलली तर हमालीही चारदा. गोणीमागे २० रुपये धरले तरी ७५ गोण्यांचे दीड हजार होतात, तेही दर उचलीला. म्हणून खर्च कमी करायचा तर भाव पाडण्याआधी उचली कमी करा.

अंदाज न काढताच हातोडा मारणं

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं बाथरूम फोडायचं होतं. लिफ्ट नव्हती. पाच बाय सातचं छोटं बाथरूम, म्हणून मी ३० गोण्या धरल्या आणि मालकांना तसंच सांगितलं. निघाल्या ७८. चूक माझी होती. मी भिंतीवरच्या आणि जमिनीवरच्या फरश्या मोजल्या, पण फरशीखालचा खड्डा मोजला नाही.

बाथरूमची स्लॅब बहुतेक इमारतींत खोलीच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेली असते. याला सनकन स्लॅब म्हणतात. त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव केलेला असतो. पाच बाय सातच्या जागेत हा भराव फूटभर खोल असेल तर ३५ घनफूट होतो आणि फोडल्यावर फुगून ५० घनफुटांच्या आसपास जातो. भिंतीवरच्या जुन्या टाइल त्यांच्या मागच्या गिलाव्यासकट निघतात, त्यांच्या आणखी पंचवीसेक गोण्या. गळती काढण्यासाठी बाथरूम फोडत असाल तर हा भराव काढावाच लागतो. नुसत्या टाइल बदलायच्या असतील तर तो तसाच राहू द्या.

अंदाजासाठी मी एक सोपं माप वापरते. सिमेंटच्या रिकाम्या गोणीचं तोंड नीट बांधता येईल इतकाच राडारोडा भरला तर तो साधारण एक घनफूट बसतो आणि वजन ३५ किलोच्या आसपास जातं. १०० गोण्या म्हणजे एक ब्रास (१०० घनफूट), साडेतीन टनांच्या घरात. दहा बाय दहाची चार इंची विटांची भिंत पाडली की दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट ६५ ते ७० गोण्या निघतात. विटेची भिंत पाडली की तिचं आकारमान दीडपट होतं, म्हणून उभी भिंत बघून बांधलेला अंदाज कायम कमी पडतो.

आणि मुळात फोडायचंच आहे का, हेही विचारा. जुनी फरशी बोटाच्या पेराने ठोकून बघा. आवाज भरीव येत असेल आणि फरशी कुठे हलत नसेल, तर टाइलवर टाइल बसवण्याचं वेगळं चिकटद्रव्य मिळतं, ते वापरून वरच नवी बसवता येते. दारं खालून तासावी लागतात आणि उंबऱ्याची उंची जुळवावी लागते. पण दहा बाय दहाच्या खोलीत टनभर राडारोडा निघायचा वाचतो. मी ज्या घरांत हे केलं तिथे कोणाची तक्रार आली नाही.

“उचलण्यासकट” या शब्दावर विसंबणं

कोटेशनमध्ये “तोडफोड, राडारोडा उचलण्यासकट” असं लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. कुठून उचलून कुठे, हे मात्र लिहिलेलं नसतं. ठेकेदाराच्या मनात ते इमारतीच्या गेटपर्यंत असतं, तुमच्या मनात गावाबाहेरपर्यंत. मग पंधराव्या दिवशी गेटशेजारी गोण्यांचा ढीग, सोसायटीची नोटीस आणि “ताई, टेम्पोचं वेगळं” हे वाक्य.

कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्या: गोण्या कोण आणणार, खाली कोण उतरवणार, टेम्पो कोणाचा आणि माल कुठे उतरणार. भाव गोणीवर, खेपेवर की ब्रासवर, तेही ठरवा. गोणीवर ठरला तर गोण्या अर्ध्याच भरल्या जातात, खेपेवर ठरला तर टेम्पो अर्धाच भरून निघतो. मी उतरवण्याचा भाव गोणीवर आणि वाहतुकीचा खेपेवर ठरवते. टेम्पो निघताना खाली उभं राहून गोण्या मोजते आणि मुकादमासमोर वहीत लिहिते. हे काम फोनवरून होत नाही. घरचं कोणीतरी तिथे असायला हवं.

राडारोड्याचे पैसे शेवटच्या हप्त्यात ठेवा. तोडफोडीच्या दिवशीच सगळे चुकते केले तर जिन्याखालच्या शेवटच्या दहा गोण्या महिनाभर तिथेच राहतात.

टेम्पोची चुकीची निवड

छोटा हत्ती स्वस्त वाटतो. पण त्याची क्षमता साधारण पाऊण टनाची, म्हणजे राडारोड्याच्या वीसेक गोण्या. हौदा अर्धा रिकामा दिसतो, म्हणून चालक अजून वीस टाकतो. मग चढावर गाडी दम टाकते, टायर फुटतो किंवा दंड बसतो, आणि तो खर्च फिरून तुमच्याच बिलात येतो. आपल्या बाथरूमच्या ७८ गोण्यांना छोट्या हत्तीच्या चार खेपा लागतील, पिकअपच्या दोन. उपनगरात आणि गावात ट्रॅक्टरची ट्रॉली मिळते. तिच्यात साधारण ब्रासभर माल जातो, म्हणजे एका खेपेत काम.

रोज थोडं थोडं नेणं सगळ्यांत महाग पडतं. त्यापेक्षा फोडाफोडी सलग दोन-तीन दिवसांत उरका आणि टेम्पो शेवटच्या दिवशी दुपारी बोलवा. वरून उतरणारी गोणी जमिनीवर न टेकता थेट हौद्यात गेली की एक उचल वाचते. शेजारच्या घरातही काम निघालं असेल तर खेप वाटून घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप टाकायला काही लागत नाही.

सगळं एकत्र कालवणं

पैसे वाचवायची खरी जागा इथे आहे, आणि ती हातातून निसटते, कारण पहिल्या दिवशी बिगारी येतात आणि दरवाजा, खिडकी, वायर, पीओपी, विटा सगळं एका ढिगात पडतं.

भंगारवाला तोडफोडीच्या आदल्या दिवशी बोलवा. पितळी नळ, तांब्याच्या वायरी, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, लोखंडी ग्रिल, जुना गिझर हे सगळं शाबूत असताना विकलं तर चांगला भाव येतो. सागवानी चौकट अखंड निघाली तर जुन्या मालाच्या दुकानात तिला गिऱ्हाईक असतं, हातोड्याने चिरली तर ती जळण होते. ओट्याचा कडप्पा आणि शहाबादी फरश्या पहारीने हलकेच उचकटल्या तर बाल्कनीत, अंगणात, गावच्या घरी परत बसतात. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्याच्या विटा सुट्या होतात आणि पुन्हा वापरता येतात. सिमेंटमधल्या विटा तशा सुटत नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

पीओपी आणि जिप्समची छतं वेगळ्या गोण्यांत भरा. त्यातलं सल्फेट पाण्याबरोबर सिमेंटमध्ये गेलं की काँक्रीट फुगून तडकतं, म्हणून पीओपी मिसळलेला राडारोडा भरावाला आणि पुनर्वापराला वाईट. लाकूड आणि प्लास्टिक कालवलेला माल तर कोणालाच नको असतो. नुसत्या विटा, गिलावा, काँक्रीट आणि फरश्यांचे तुकडे असतील तर जवळपास कुठे जोत्याची भरणी किंवा शेतरस्ता चालू असेल तिथला माणूस तो आनंदाने घेतो, कधी टेम्पोचे अर्धे पैसेही देतो. देण्याआधी जागा स्वतः बघा आणि जागेच्या मालकाशी बोला, मधल्या माणसाशी नको. जोत्यात भरणार असतील तर थर वीतभरापेक्षा जाड नको आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस करायला, म्हणजे ठोकून घट्ट दाबायला सांगा, नाहीतर वर्षभरात फरशी खचते.

सर्वांत स्वस्त राडारोडा घराबाहेर न जाणारा. भिंत पाडत असाल आणि बाथरूमही नव्याने करत असाल, तर विटांचे स्वच्छ तुकडे बाजूला काढून धुऊन ठेवा. वॉटरप्रूफिंग आणि पाणी साठवून केलेली चाचणी झाल्यावर तेच तुकडे सनकनच्या भरावात वापरता येतात. जुना भराव होता त्यापेक्षा जड करू नका, इतकंच पथ्य. नाहीतर एकाच घरातून एका दारानं विटांचे तुकडे बाहेर जातात आणि दुसऱ्या दारानं पैसे देऊन विकतचे आत येतात. हे मी पाहिलंय.

जुन्या शेडवरचे सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर ते फोडू नका. त्यांत अॅसबेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. पाणी मारून, स्क्रू काढून, अखंड उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि पालिकेला विचारून द्या.

बाल्कनीत किंवा गच्चीत ढीग

“दोन दिवस राहू दे” म्हणून गोण्या बाल्कनीत रचल्या जातात. राहत्या खोलीची स्लॅब चौरस मीटरला २०० किलो आणि बाल्कनी ३०० किलो वापराच्या वजनासाठी धरलेली असते. फूटभर उंचीचा राडारोडा चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास जातो. त्यात पावसात भिजला तर आणखी. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत हे धोक्याचं आहे. खोलीतच, भिंतीलगत, एकावर एक न ठेवता पसरा.

लिफ्टचंही तेच. सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते, म्हणजे एक बिगारी आणि आठ-नऊ गोण्या पुरे. पण लिफ्ट वजनाने क्वचित बिघडते, खडीने बिघडते. फाटक्या गोणीतून पडलेले बारीक खडे दाराच्या खालच्या खाचेत अडकतात, दार पूर्ण बंद होत नाही आणि लिफ्ट जागेवर उभी राहते. लिफ्टच्या तळाशी जाड ताडपत्री अंथरा, तिची कड खाचेवरून बाहेर येऊ द्या, आणि संध्याकाळी खाच ब्रशने साफ करून घ्या.

“टाकतो कुठेतरी” असं म्हणणाऱ्याला देणं

सर्वांत कमी भाव सांगणारा टेम्पोवाला बहुधा हेच म्हणतो. ते कुठेतरी म्हणजे नदीचं पात्र, टेकडीचा पायथा किंवा रात्रीच्या अंधारातला मोकळा प्लॉट. मुठेच्या काठाने चालताना बाथरूमच्या निळ्या टाइलचे तुकडे पाण्यात दिसतात तेव्हा मला राग येतो आणि वाईट वाटतं, कारण त्या कोणाच्यातरी घरच्या असतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा पात्रातल्या भरावाबद्दल सगळं शहर बोलत होतं. कोकणपट्टीत आणि मुंबईत हा माल खारफुटीत जातो. खारफुटीच्या नाशावर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये पूर्ण बंदी घातली आहे. पकडलं गेल्यावर टेम्पोवाला तुमचा पत्ता सांगतो, आणि वाचवलेल्या खेपेच्या कितीतरी पट दंड भरावा लागतो.

राडारोडा घरच्या कचऱ्यात मिसळायचा नाही, हे केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी स्पष्ट केलं. घंटागाडी तो घेत नाही ते याचमुळे. तो दळून त्यापासून वाळू, खडी, पेव्हर ब्लॉक करण्याचे प्रकल्प आपल्याकडे आहेत: पुण्याचा वाघोलीत, पिंपरी-चिंचवडचा मोशीत. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. काम सुरू करण्याच्या आठवडाभर आधी क्षेत्रीय कार्यालयात किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन तुमच्या भागातलं संकलन केंद्र आणि दर विचारा. टेम्पोवाल्याकडून तिथली पावती मागा आणि पावती मिळाल्यावरच पैसे द्या. दर थोडा जास्त असला तरी रात्री झोप लागते.

चूक झाली असेल तर

ढीग आधीच गेटवर पडलाय आणि नोटीस आलीय? सेक्रेटरींना भेटून टेम्पोची तारीख लेखी द्या, तारीख दिली की बहुतेक ठिकाणी चार दिवस मिळतात. ढीग आजच ताडपत्रीने झाका आणि पावसाळी गटाराच्या जाळीसमोर वाळूच्या दोन-तीन गोण्या आडव्या लावा, नाहीतर पहिल्या सरीतच सिमेंटची माती गटारात जाऊन बसेल.

ठेकेदार अर्धवट टाकून गेला असेल तर त्याच्याशी भांडण्यात दिवस घालवू नका. फोटो काढा, गोण्या मोजा, त्याला मेसेजवर संख्या कळवा, दुसऱ्याकडून उचलून घ्या आणि ते पैसे त्याच्या शेवटच्या हप्त्यातून कापा.

बाथरूमचं पाणी तुंबायला लागलं असेल तर नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा, पाणी जाण्याचा खोलगट भाग) उघडून बघा. फोडताना त्यात पडलेला गिलावा पाण्याने ओला होऊन घट्ट बसतो. नवी टाइल बसवण्याआधी तो हाताने काढा आणि बादलीभर पाणी ओतून खालच्या मजल्यावरच्या माणसाला पाइपपाशी कान लावायला सांगा. पुढच्या वेळी पहिला हातोडा मारण्याआधी प्रत्येक ट्रॅपमध्ये गोणपाटाचा घट्ट बोळा कोंबा, आणि त्याचं एक टोक वर दिसेल असं ठेवा, म्हणजे टाइलखाली विसरून राहणार नाही.