घरातला रेडॉन कुठे जास्त असेल? परिसराचा अंदाज असा बांधा

जमिनीतलं युरेनियम क्षय पावत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो. रंग-वास नसलेला हा वायू घरात साठला तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अमेरिकेत १९९३ मध्ये यूएसजीएस (भूगर्भ सर्वेक्षण संस्था) आणि ईपीए (पर्यावरण संरक्षण संस्था) यांनी काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, रेडॉन नकाशा काढला. त्यामागची गुणपद्धत सोपी आहे: पाच बाबी, प्रत्येकीला १ ते ३ गुण.

१. घरांतली मोजमापं. सरासरी २ पिकोक्युरी प्रति लिटरच्या (हवेतला रेडॉन मोजायचं एकक) खाली असेल तर १, चारच्या वर ३, मधल्यांना २. लोकांनी आपणहून केलेल्या चाचण्यांवर विसंबू नका. शंका असते तेच मोजतात, म्हणून सरासरी फुगते.

२. विमानातून केलेलं गॅमा सर्वेक्षण, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गॅमा किरणांवरून युरेनियमचा अंदाज. युरेनियम १.५ पीपीएमखाली (दहा लाख भागांत १.५ भाग) १, २.५ च्या वर ३. हे यंत्र फक्त वरचा फूटभर थर पाहतं आणि ओल्या जमिनीवर कमी आकडा दाखवतं.

३. खडक. ग्रॅनाइट, काळा शेल (चिखलाचा थरांचा खडक), फॉस्फेट यांना ३. बेसाल्टला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाला, १. वर पसरलेला गाळही बघा. आयोवात ग्रॅनाइट उघडा दिसत नाही, तरी हिमनद्यांनी खडक दळून पसरवल्यामुळे अख्खं राज्य सर्वाधिक धोक्याच्या विभागात आहे.

४. माती. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मा वायू क्षय पावायला लागणारा काळ) ३.८ दिवस, म्हणजे वाट मोकळी असेल तरच तो घरापर्यंत टिकतो. ताशी ६ इंचांहून वेगाने पाणी झिरपणाऱ्या रेताड-खडकाळ मातीला ३, चिकणमातीला १. पण उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती ओली असताना तपासली की कमी गुण मिळवते, आणि कोरडी झाल्यावर त्याच भेगांतून वायू वर येतो. तिला १ देऊन मोकळे होऊ नका.

५. पाया. बहुतेक घरांना बेसमेंट असेल तर ३, थेट स्लॅबवर असतील तर १.

बेरीज ८ पर्यंत कमी, ९ ते ११ मध्यम, १२ पासून जास्त. समजा सरासरी ३.१ (२ गुण), युरेनियम २.७ (३), ग्रॅनाइट (३), मध्यम झिरपणारी माती (२), बेसमेंट (३): एकूण १३, जास्त धोका.

हा अंदाज परिसराचा आहे, घराचा नाही. न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी विभाग कोणताही असो, चाचणी करावीच. शेजारच्या घराचा आकडा आपल्याला लागू होत नाही. वापरातल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान २० इंच उंच किट ठेवा. दारं-खिडक्या १२ तास आधीपासून बंद ठेवून किमान ४८ तास मोजा. आकडा ४ किंवा जास्त आला तर पुन्हा चाचणी करून खात्री करा आणि मग स्लॅबखालची हवा पाइप-पंख्याने छपरावर सोडणारी यंत्रणा बसवा.