मुस्कादे: चव कशी ओळखावी, सोबत काय वाढावं

पहिल्याच घोटाला "हिला काही चवच नाही" म्हणून मुस्कादे या पांढऱ्या वाइनचा ग्लास बाजूला सारणारे पुष्कळ. दोष बहुधा वाइनचा नसतो. बाटली फार गार असते, किंवा ताटात भलताच पदार्थ असतो. ही वाइन लिंबासारखी वापरायची. ज्या पदार्थावर लिंबू पिळावंसं वाटतं, त्याच्याबरोबर ती खुलते.

ती पश्चिम फ्रान्सची. ल्वार नदी समुद्राला मिळण्याआधी नाँत शहराजवळून वाहते, तो हा टापू. द्राक्ष मुख्यतः एकच, मलों द बूर्गोन्य. 1709 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात इथल्या बागा गोठून मेल्या, तेव्हा थंडी सोसणारी ही जात टिकली आणि पुढे तीच लावली गेली. सुवासिक मस्कट द्राक्षाशी तिचं नातं नाही, त्यामुळे फुलांचा वास शोधत बसू नका.

1. लेबल वाचा. "स्यूर ली" हे शब्द शोधा. त्यांचा अर्थ "गाळावर". आंबवण झाल्यावर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन हिवाळाभर ठेवतात आणि तिथूनच थेट बाटलीत भरतात. त्यानं हलक्या वाइनला अंग येतं, म्हणजे ती जिभेवर भरीव लागते, ताज्या पावासारखा मंद वासही येतो. जिभेवर बारीक चुणचुण लागली तर बाटली बिघडली असं समजू नका. तो आत राहिलेला कार्बन डायऑक्साइड असतो. साधी मुस्कादे दोन-तीन वर्षांत संपवावी. लेबलवर क्लिसाँ, गोर्ज किंवा ल पाले अशी गावाची नावं असतील, तर ती जास्त काळ गाळावर मुरलेली, दाट आणि टिकाऊ वाइन असते.

2. बेतानं गार करा. 8 ते 10 अंश पुरे. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. घाई असेल तर निम्मं बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ अशा बादलीत वीस मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली हळू गार होते, कारण बर्फाचे खडे काचेला सगळीकडून टेकत नाहीत. ग्लास एक तृतीयांशच भरा.

3. घोट तोंडात फिरवा. आधी लिंबू आणि हिरवं सफरचंद लागतं, मग खारट ओलावा. गिळल्यावर गालांच्या आत पाणी सुटतं. तीच या वाइनची खरी ओळख.

4. ताट जुळवा. सगळ्यात सरस जोडी कच्च्या कालवांची. माणशी सहा घ्या, वर फक्त लिंबाचे दोन थेंब. फ्रान्समध्ये बारीक चिरलेला छोटा कांदा घातलेलं व्हिनेगर देतात, पण ते चमचाभर ओतलंत तर वाइन फिकी पडते. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाण्यासारखी लागते, म्हणून कोकमाच्या कढीबरोबर किंवा टोमॅटोच्या रश्श्याबरोबर ती वाढू नये.

शिजवून हवं असेल तर शिनाणे (काळ्या कवचाचे शिंपले) करा. दोघांना 1 किलो लागतात. कवच घासून धुवा. उघडं कवच टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या. पातेल्यात 30 ग्रॅम लोणी, दोन छोटे कांदे परता, 150 मिली मुस्कादे घालून उकळी आणा. शिनाणे टाकून झाकण लावा, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा, मधे एकदा पातेलं हलवा. मीठ घालू नका, शिंपल्यांचं पाणीच खारट असतं. कवचं उघडली की लगेच उतरवा, नाहीतर मांस चिवट होतं. न उघडलेले खाऊ नका.

नाँतकडचंच लोण्याचं पांढरं सॉस, बर ब्लाँ, घातलेला उकडलेला मासाही छान. वाइनचा आंबटपणा लोण्याचा जडपणा कापतो. आपल्याकडचे रव्यात घोळवून तळलेले बोंबील याच कारणानं जमतात, फक्त मसाल्यात तिखट निम्मं करा. तिखटजाळ तिसऱ्यांपुढे (छोट्या शिंपल्यांपुढे) या वाइनचा निभाव लागत नाही. मटणाला आणि गोडाला तर हिला लावूच नका.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. नंतर ती पुढच्या शिनाण्यांच्या पातेल्यात जाऊ द्या.