नियुएला जायचंय? आधी बीच डोक्यातून काढा

पॉलिनेशिया म्हटलं की पांढरी वाळू, माड, उथळ निळं पाणी असं जे चित्र डोळ्यासमोर येतं ना, ते नियुएत, म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधल्या या छोट्याशा बेटदेशात, जवळजवळ नाहीच. तसलं काही बघायला गेलात तर पहिल्याच दिवशी हिरमोड होणार. हे बेट म्हणजे समुद्रातून वर उचलला गेलेला प्रवाळाचा एकच मोठा ठोकळा, साधारण 260 चौरस किलोमीटरचा, चारी बाजूंनी चुनखडीचे कडे आणि आत ना नदी ना ओढा. पाऊस पडतो आणि सरळ दगडात जिरतो. माती वाहून समुद्रात जातच नाही, म्हणून पाणी इतकं नितळ की स्नॉर्कलिंग करणारे वेडे होतात. हा दगड नीट समजून घेतला की बेटाचा इतिहासही बराचसा कळतो, प्लॅनही त्याच्यावरच करायचा.

पोचायचं कसं, तर ऑकलंडहून विमानाने, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. मधे तारीखरेषा ओलांडता त्यामुळे शनिवारी निघून शुक्रवारी उतरता, तेव्हा हॉटेल बुक करताना तारीख दोनदा बघा. चलन न्यूझीलंड डॉलर. उड्डाणं आठवड्यातून मोजकीच असतात म्हणून परतीच्या कनेक्शनमधे एक दिवस तरी मोकळा ठेवा. गाडी किंवा स्कूटर भाड्याने घ्याच, बेटाला वळसा घालणारा रस्ता 65 किलोमीटरच्या आसपास आहे, डावीकडून चालवायचं, आणि स्थानिक लायसन्स राजधानी आलोफीच्या पोलीस स्टेशनात मिळतं. समोरून येणारा प्रत्येक जण हात हलवतो, तुम्हीही हलवा, ओळख नसली तरी, नाही हलवला तर फार उद्धट वाटतं.

इतिहास थोडा वाचूनच जा. 1774 मधे कॅप्टन कुकने इथे उतरायचा प्रयत्न केला, बेटावरच्या लोकांनी हाकलून लावलं, तर त्याने रागाने ‘सॅव्हेज आयलंड’ म्हणजे रानटी लोकांचं बेट असं नाव नकाशावर टाकून दिलं आणि ते शंभरावर वर्षं चिकटून राहिलं. (दुसऱ्याच्या दारात न विचारता गेला हा, आणि रानटी ते?) मिशनरींनाही लवकर जम बसवता आला नाही, शेवटी सामोआहून परतलेल्या पेनियामिना नावाच्या नियुएच्याच माणसाने 1846 मधे ख्रिस्ती धर्म आणला. 1900 मधे ब्रिटिश संरक्षण, 1901 मधे न्यूझीलंडच्या ताब्यात, आणि 19 ऑक्टोबर 1974 ला स्वतःचं सरकार, पण नागरिकत्व न्यूझीलंडचं. याचा परिणाम असा की बेटावर 1,700 च्या आसपास लोक आणि न्यूझीलंडमधे नियुए वंशाचे 30 हजारांवर. गावांतून फिरताना रिकामी पडकी घरं दिसतील, आणि रस्त्याच्या कडेला घराजवळच थडगी दिसतील, तिथे पाय ठेवू नका, फोटोसाठी तर अजिबातच नाही. लोक गेले तरी जमीन कुटुंबाचीच राहते.

आता मुख्य गोष्ट, किनारा. रस्त्यावर पाट्या असतात, तिथे गाडी लावायची आणि पायवाटेने खाली उतरायचं. भरतीओहोटीचं टाइमटेबल पहिल्याच दिवशी फोनमधे घ्या आणि दिवसाची आखणी त्यावरच करा, कारण आवाइकीची गुहा किंवा तालावाच्या कमानींजवळचा रीफ (प्रवाळाचा खडक) हे ओहोटीतच नीट बघता येतं. पायात जाड तळाचे रीफ शूज हवेतच, चपला फाटतात आणि तो दगड पायसुद्धा कापतो. मातापा ही दोन कड्यांमधली घळ, पूर्वी राजांची आंघोळीची जागा, आणि लिमूची कुंडं सोपी आहेत, पोहता येत असेल तर कोणालाही जमतील. टोंगोच्या घळीला मात्र सकाळीच निघा, आधी हुवालूचं जंगल, मग काळ्या टोकदार सुळक्यांतून वाट आणि शेवटी उभी शिडी उतरून खाली वाळू आणि माड, तिथे पोचल्यावर सगळे जण आधी गप्पच होतात. पाण्यात काळेपांढरे पट्टेवाले साप दिसतील, काटुआली म्हणतात, फक्त नियुएतच सापडतात. विषारी आहेत पण अंगावर येत नाहीत, फक्त हात लावू नका.

जुलै ते ऑक्टोबरमधे हंपबॅक देवमासे येतात, आणि कडेलाच पाणी खोल असल्यामुळे कड्यावर बसूनही दिसतात. त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचं असेल तर परवानाधारक ऑपरेटरबरोबरच. बंदर असं नाहीच, आलोफीच्या धक्क्यावर बोटी क्रेनने उचलून पाण्यात सोडतात, समुद्र खवळला की ट्रिप रद्द, म्हणून हे शेवटच्या दिवसावर ढकलू नका. समुद्र खवळतो म्हणजे काय ते 2004 च्या हेटा चक्रीवादळात दिसलं, लाटा उंच कड्यावर चढून आल्या आणि आलोफीतलं हॉस्पिटल आणि म्युझियम दोन्ही घेऊन गेल्या.

रविवारी मासेमारी, बोटी, डायव्हिंग सगळं बंद, प्लॅन करूच नका, त्यापेक्षा खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालून चर्चमधे जा, गाणं ऐका. स्विमसूटवर गावात फिरायचं नाही, कुठल्याच दिवशी. ‘फाकालोफा लाही आतू’, म्हणजे आपला नमस्कार, एवढं पाठ करा, काम होतं. एखाद्या गावाचा शो डे, म्हणजे गावची जत्रा, तुमच्या तारखांत येतोय का ते विचारा, वर्षातून एकदाच असतो, पहाटेच पोचा कारण चांगलं खाणं लवकर संपतं, टाकालो हा लढाईचा नाच आणि केवड्याच्या पानांच्या विणलेल्या टोप्या तिथेच बघायला मिळतील. मुलग्याचे वाढवलेले केस पहिल्यांदा कापायचा मोठा समारंभ असतो, बोलावलं तर पाकीट घेऊन जा, कोणी किती दिलं ते लिहून ठेवतात.

खाण्यात टाकिही सोडू नका, टारो आणि पपईचे थर, वर नारळाचं दूध, पानात गुंडाळून भाजलेलं. उंगा म्हणजे नारळखेकडा स्वतः पकडायच्या भानगडीत पडू नका, त्याला नियम आहेत. दुकानांत बराचसा माल जहाजानेच येतो, जहाज लांबलं की शेल्फं रिकामी, तेव्हा औषधं, सनस्क्रीन, बाळाचं काही लागणारं सगळं ऑकलंडहूनच घेऊन निघा.