पॅच लागेना, तेव्हा मी काय बदललं

एका मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पाला मी दोन ओळींची दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवली होती. साध्या डिफ आज्ञेने जुन्या-नव्या फाइलींतला फरक काढला आणि पाठवून मोकळा झालो. त्यात वरती फक्त ‘४२ए४३,४४’ एवढंच होतं, म्हणजे बेचाळिसाव्या ओळीनंतर दोन ओळी घाला. दरम्यान मूळ फाइलमध्ये वर दहाएक ओळींची भर पडली होती. असा फरक फाइलला लावणाऱ्या ‘पॅच’ आज्ञेने काही तक्रार न करता माझ्या ओळी भलत्याच फंक्शनमध्ये घुसवल्या. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी वेळीच पाहिलं म्हणून निभावलं, पण मला फार वाईट वाटलं.

मग डिफला ‘-यू’ हा पर्याय लावून युनिफाइड डिफ काढला. यात बदलाच्या आजूबाजूच्या तीन-तीन ओळीही येतात. त्यामुळे ओळ क्रमांक सरकले तरी पॅचला खरी जागा शोधता येते, आणि वाचणाऱ्यालाही संदर्भ कळतो. मला हाच प्रकार सगळ्यात माणसाळलेला वाटतो.

तरी दुसऱ्यांदाही पॅच नीट लागला नाही! मजकूर मी मेलमध्ये चिकटवला होता. तिथे टॅबच्या जागी स्पेस झाल्या आणि लांब ओळी मधेच तुटल्या.

शेवटी गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात बदल कमिट करून, म्हणजे नोंदवून, ‘गिट फॉरमॅट-पॅच -१’ चालवलं. त्या फाइलमध्ये लेखकाचं नाव, तारीख, कमिटचा संदेश सगळं सोबत जातं. समोरचा ‘गिट एएम’ने ते थेट घेतो. ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवलं, की ओळींना धक्का लागत नाही. आता पाठवण्याआधी प्रकल्पाच्या ताज्या प्रतीवर (क्लोनवर) स्वतः लावून बघतो. तिसऱ्या वेळी पॅच पहिल्या झटक्यात लागला.