सांगलीत नवीन आलात? आधी तुमचे ॲट्रिब्यूट सांभाळा

यवतमाळहून मी सांगलीला शिकायला आलो आणि इथलाच झालो. यंदा कोडिंग शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी हे चार शब्द.

खोली बघायला गेलात की घरमालकीण काकू चहा उकळेपर्यंत तुमचा अख्खा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममधलं एका माणसाच्या माहितीचं गाठोडं, भरून घेतात. त्यातली एकेक नोंद म्हणजे ॲट्रिब्यूट: नाव, गाव, घरचे काय करतात, महिन्याला पैसे किती येतात. "ते प्रायव्हेट आहे" म्हणू नका. जावा या प्रोग्रामिंग भाषेत प्रायव्हेट म्हणजे कुलूप. पायथन या दुसऱ्या भाषेत ॲट्रिब्यूटच्या नावाआधी दोन अंडरस्कोअर लावलेत तरी तो नुसता पडदा. आतल्या आत क्लासचं (ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात त्या साच्याचं) नाव पुढं चिकटतं, बाकी काही नाही. ज्याला हे ठाऊक तो खुशाल वाचतो. काकूंना ठाऊक असतं.

तुम्हीही एक विचारा: "काकू, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45. भिंतीवरची खूण हा घराचा ॲट्रिब्यूट, भाडेकरूला तो फक्त वाचता येतो.

आता खानावळ. मालकांसाठी मी हौसेनं पायथनमध्ये हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. 'गिऱ्हाईक' नावाचा क्लास, त्यात उधारीची रिकामी यादी. ती ठेवली इनिटच्या (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर, थेट क्लासच्या अंगणात. तिथली यादी एकच, सगळ्यांत सामायिक! रविवारी एकानं जादा मटण घेतलं, ते सगळ्यांच्या नावावर चढलं. एक माळकरी पोरगा तांबडालाल होऊन आला, "मालक, हे मटण कुणाचं?" गंमत म्हणजे शिल्लक रक्कमही तिथंच ठेवलेली, पण ती ज्याची त्याची बरोबर होती. सेल्फवर, म्हणजे त्या एकाच ऑब्जेक्टवर, नवी किंमत ठेवली की त्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा ॲट्रिब्यूट तयार होतो. यादीत नुसती भर घातली तर ती त्या सामायिक यादीतच पडते. यादी इनिटमध्ये सेल्फला बांधली आणि मालक परत माझ्याशी बोलायला लागले. तोवर "तुमच्या मशीनपरास आमची वही बरी" हे रोज आमटीबरोबर वाढलं जायचं.

आणि शुद्धलेखन सांभाळा. नसलेला ॲट्रिब्यूट वाचायला गेलात तर पायथन बोंब मारतो, पण लिहिताना चुकलात तर निमूट नवा करून देतो. मी खोली बदलली तेव्हा खानावळीच्या त्याच प्रोग्राममध्ये 'पत्ता'च्या जागी 'पता' टाईप केलं. आठवडाभर माझा डबा जुन्या खोलीवर जात होता. तिथला नवा भाडेकरू भेटला तेव्हा म्हणाला, "भाजीत मीठ जरा कमी असतंय, सांगा की त्यांना."